घराच्या आवारात काळा पाषाण लागलाय, सुरुंग लावता येत नाही. हायड्रॉलिक स्प्लिटरने फुटेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्यात जुनं बैठं घर पाडून नवं बांधताय. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी खोदताना साडेचार फुटांवर मुरूम संपला आणि काळा पाषाण लागला. अजून सहा फूट खाली जायचंय. शेजाऱ्यांची जुनी दगडमातीची भिंत सात फुटांवर. सुरुंगाचा विषयच नाही आणि ब्रेकर (वरून ठोकून खडक फोडणारं यंत्र) सुरू केला की शेजारी भांडायला येतात. आता कुणीतरी हायड्रॉलिक स्प्लिटर (खडकात भोक मारून त्यात घालायचं, तेलाच्या दाबाने दगड आतून फाडणारं यंत्र) सुचवलाय: आवाज नाही, हादरा नाही, दोन दिवसांत टाकी मोकळी.

हादरा नाही, हे खरं. आवाज नाही, हे अर्धं खरं. दोन दिवस हा विकणाऱ्याचा हिशोब.

मी एकोणीस वर्षं खडक फोडायचंच काम करतोय. सुरुवात विहिरींवर झाली, ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर घेऊन गावोगाव. आता बहुतेक काम शहरात, दोन इमारतींच्या बेचक्यात, जिथे सुरुंग चालत नाही अशा जागी. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे यंत्रवाला काय सांगतोय ते तुम्हालाच पारखता येईल. आपल्याकडचा घट्ट काळा बेसॉल्ट चौरस सेंटिमीटरला दीड-दोन हजार किलोचा दाब सहज पेलतो. पण तोच खडक ओढून फाडायचा म्हटलं तर साधारण त्याच्या दहाव्या हिश्शाचा जोर पुरतो. ब्रेकर वरून ठोकतो, म्हणजे दगडाच्या बळकट बाजूशीच कुस्ती खेळतो. त्यातला बराचसा जोर हादरा होऊन जमिनीतून शेजाऱ्यांच्या भिंतीत जातो. स्प्लिटर दगडाच्या पोटात शिरतो आणि तिथून बाहेर ढकलतो. नवं कापड आपण हातांनी ओढत बसत नाही. काठाला कात्रीने जराशी चीर देतो, मग एका झटक्यात सरळ फाटतं. भोक ही ती चीर.

यंत्र म्हणजे आपल्या वडार मंडळींची पाचरच. भोकात दोन पोलादी पट्ट्या (आमची पोरं त्यांना पाकळ्या म्हणतात), त्यांच्या मधोमध निमुळती पाचर. पूर्वी पाचरेवर घण पडायचा, आता तेलाच्या दाबावरचा पिस्टन ती खाली रेटतो. हातात धरायच्या यंत्रात दाब ५०० बारच्या घरात असतो (एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो). पिस्टनचं तोंड ४० चौरस सेंटिमीटर धरलं तर पाचरेवर वीस टन पडले. पाचर फार निमुळती असल्यामुळे त्याच वीस टनांचे बाजूला काही पट होतात. घर्षणात बरेच गेले तरी दोनशे टनांच्या आसपास जोर भोकाच्या भिंतींवर येतो. मिनिटभर काहीच होत नाही. मग आतून 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि केसाएवढी रेघ एका भोकातून दुसऱ्याकडे पळताना दिसते. एवढ्या वर्षांनीही ती रेघ पळताना बघायला मी हातातलं काम टाकून उभा राहतो.

आणि पाकळ्या ज्या दिशेला ढकलतात त्याच्या काटकोनात तडा जातो. म्हणजे भेग कुठे न्यायची ते तुमच्या हातात. शेजाऱ्याच्या भिंतीला समांतर न्यायची असेल तर ढकल भिंतीकडून खड्ड्याकडे अशी येईल, असं यंत्र भोकात फिरवून बसवायचं. सुरुंगात किंवा ब्रेकरमध्ये ही सोय नाही.

आता माझी फजिती. स्प्लिटर नवीन घेतला तेव्हाचं पहिलं काम. एका बंगल्याच्या आवारात सपाट, स्वच्छ, सलग खडक. मला वाटलं, याहून सोपं काय! मधोमध भोक मारलं, यंत्र घातलं, दाब दिला. दाबाचा काटा चढत गेला आणि टोकाला जाऊन थांबला. दगड ढिम्म. तेल परत फिरवलं तर पाचर सुटेना. एक पाकळी भोकात चिणून बसली ती बसलीच. शेवटी भोवताली चार भोकं मारून ती कोरून काढावी लागली, तेव्हा ती मधोमध चिरलेली निघाली. दिवस गेला, पाकळीचे पैसे गेले, आणि मालक व्हरांड्यात चहा पीत बघत होते.

चूक साधी होती. दगड फुटतो म्हणजे कुठेतरी सरकतो. सरकायला जागाच नसेल तर दोनशे टन लावा नाहीतर चारशे. चारही बाजूंनी आणि खालूनही खडकच असेल तर तुम्ही खडकाला खडकावर दाबताय. म्हणून पहिलं काम म्हणजे 'तोंड' उघडणं, एक मोकळी बाजू तयार करणं. टाकीच्या खड्ड्यात ती आयती मिळत नाही. शेजाऱ्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, एकमेकांना जवळजवळ चिकटून भोकांची रांग मारायची, मधल्या पातळ भिंती छिन्नी-घणाने उडवायच्या आणि दीड-दोन फूट खोल चर काढायचा. हा सगळ्यात रटाळ भाग, आणि यात स्प्लिटरचा काही उपयोग नाही. काही लोक एवढ्यापुरता छोटा ब्रेकर लावतात. शेजाऱ्यांशी बोलून दुपारचे तीन तास मागून घ्या, बहुतेक वेळा मिळतात. तोंड एकदा उघडलं की पुढची प्रत्येक रांग त्या चराच्या दिशेने सुटत जाते.

दुसरी चूक त्याच दिवशी आप्पांनी दाखवली. आप्पा म्हणजे आमच्याकडचे म्हातारे मुकादम, जन्म दगडात गेलेला. पाट्याला छिन्नीने टाकी लावण्यापासून विहिरी बांधण्यापर्यंत सगळं केलेले. ते म्हणाले, "दगड वाचला का आधी?" मी म्हटलं, सलग आहे, काय वाचायचं? त्यांनी खडक खराट्याने लख्ख झाडून घेतला, दोन बादल्या पाणी सगळीकडे ओतलं आणि तंबाखू मळत बसले. उन्हात खडक वाळायला लागला. सगळीकडून करडा होत गेला, पण तीन ठिकाणी ओल्या, काळ्या, सुतासारख्या रेघा राहिल्या. पाणी सांध्यात मुरलं होतं, ते उशिरा वाळत होतं. त्यातली एक रेघ माझ्या भोकापासून वीतभर अंतरावरून गेली होती. मग सुतकी (दगडकामाचा हातोडा) घेऊन त्यांनी ठोकून दाखवलं: रेघेच्या अलीकडे खणखणीत, पलीकडे थोडा बद्द. सलग दिसणारा खडक मुळात तीन तुकडे होता.

हे तुमच्या कामात फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या दख्खनचा खडक एकसारखा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यामुळे दहा फुटांत तीन वेगळे स्वभाव भेटू शकतात. घट्ट काळा पाषाण थंड होताना आकसला, म्हणून त्याला सांधे असतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला जे उभे खांब दिसतात, ते याच आकसण्याचं टोकाचं रूप. दुसरा प्रकार भोकाभोकांचा. त्या भोकांत पांढरे-हिरवट खडे भरलेले असतात. तो दिसायला कच्चा वाटतो, पण गंमत अशी की बऱ्याचदा यालाच सांधे नसतात. दोन थरांच्या मधे कधी कधी विटकरी लाल पट्टा लागतो, तो तर पहारीनेही निघतो.

घट्ट पाषाणात स्प्लिटर मस्त चालतो, पण सांध्याच्या फार जवळ भोक मारलंत तर नवा तडा न जाता जुना सांधाच नुसता रुंदावतो आणि सगळा जोर वाया जातो. उलट सांधा सोयीच्या दिशेला असेल तर तीच फुकटची मोकळी बाजू. तिचा फायदा घेऊन निम्मी भोकं वाचवता येतात. भोकाभोकांच्या खडकात पाकळ्या भोकाची भिंत चुरत आत रुततात, काटा चढत नाही. अशा ठिकाणी भोकं जवळ घ्यावी लागतात किंवा सरळ हातब्रेकर घ्यावा. (आणि तुमचं हे काम कोकणात असतं, जांभ्यात, तर मी एवढं लिहिलंच नसतं. तिकडे कापणीचं यंत्र आणा आणि निघालेले चिरे कुंपणाला लावा.)

आता तुमच्या टाकीचा हिशोब. लांबी-रुंदी तुम्ही दिली नाहीत; दहा बाय आठ धरतो. सहा फूट खोल म्हणजे ४८० घनफूट, पावणेपाच ब्रासच्या थोडं वर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). घनमीटरला सुमारे २.८ टन धरले तर अडतीस टन दगड. फुटल्यावर मधे पोकळी राहते, त्यामुळे ढीग दीडपट होतो: सात ब्रासच्या आसपास. ट्रकवाल्याशी बोलताना हा आकडा धरा, पहिला नव्हे.

सहा फूट एकदम फोडता येत नाही. दोन-दोन फुटांचे तीन थर करायचे. घट्ट पाषाणात मी भोकं दीड-दीड फुटांवर घेतो. ऐंशी चौरस फुटांत एका थराला पस्तीसच्या आसपास, तीन थरांना शंभराच्या वर. प्रत्येक भोक अडीच फूट. अडीच का, तर पाचर खाली उतरते तेव्हा पाकळ्यांच्या टोकाबाहेर येते. भोक आखूड असेल तर टोक तळावर आपटतं आणि पाचर मोडते. यंत्राच्या पुस्तकात किमान खोली लिहिलेली असते, ती ऑपरेटरला विचारा. त्याला सांगता आली नाही तर दुसरा ऑपरेटर बघा.

शंभर भोकं गुणिले अडीच फूट, म्हणजे अडीचशे फूट ड्रिलिंग. जॅकहॅमरने (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं, हातात धरून भोक मारायचं यंत्र), रॉड बदलणं, जागा बदलणं, भोक फुंकून साफ करणं धरून मला एका भोकाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे नुसत्या भोकांचे तीन-चार दिवस. फोडायला मात्र भोकामागे दोन मिनिटं. तुमचे दोन दिवस कुठे गेले ते आलं लक्षात? फोडण्याचा व्हिडिओ सगळे दाखवतात, भोक मारण्याचा कुणी दाखवत नाही.

आणि भोक म्हणजे नुसतं भोक नव्हे. हातातल्या यंत्रांना बहुधा ४५ मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं, मॉडेलप्रमाणे थोडं कमी-जास्त. विहिरीवरच्या कॉम्प्रेसरवाल्याकडे सुरुंगाचे रॉड असतात: पहिला आखूड रॉड ३४ मिलिमीटर, पुढचा लांब ३३, त्यापुढचा ३२. सुरुंगाला ही उतरंड चालते, पुढचा रॉड आत अडकू नये म्हणून ती मुद्दामच केलेली असते. स्प्लिटरला ती चालत नाही. त्याला वरपासून खालपर्यंत एका मापाचं, सरळ भोक हवं. बिट (रॉडचं भोक मारणारं टोक) झिजलेला असेल तर भोक खाली निमुळतं होतं आणि पाकळ्या अर्ध्यावर अडकतात. मी एक साधी युक्ती करतो: हव्या त्या मापाच्या पाइपाचा तीन फुटी तुकडा जवळ ठेवतो. तो भोकात सहज तळापर्यंत गेला तर भोक पास. नाही गेला तर बिट बदल, पोरा.

ड्रिलही हायड्रॉलिक असावं का? परवडत असेल तर जरूर. हवेच्या जॅकहॅमरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या वर असतो, आणि त्यात बाहेर पडणाऱ्या हवेचा मोठा वाटा. तेलावरच्या ड्रिलला ती फुसफुस नाही, शिवाय भलामोठा कॉम्प्रेसर गल्लीत उभा करावा लागत नाही. पण एक फसगत सांगतो: 'एकाच पॉवर पॅकवर (तेलाला दाब देणाऱ्या इंजिन-पंपावर) ड्रिल आणि स्प्लिटर दोन्ही चालतात' असं कुणी म्हणालं तर खोदून विचारा. हातातल्या ड्रिलला साधारण १०० ते १४० बार दाब आणि मिनिटाला वीस-तीस लिटर तेल लागतं. स्प्लिटरला दाब त्याच्या चौपट आणि तेल थोडंसंच. दोन्हीची भूक वेगळी. एका पॅकमध्ये दोन वेगळे पंप असतील तरच हे जमतं.

फुटलेला दगड बाहेर काढायचा कुणी, हे कुणीच विचारत नाही. दीड बाय दीड बाय दोनचा तुकडा साडेतीनशे किलोंच्या पुढे जातो. तो दहा फूट खोल खड्ड्यातून चार माणसं उचलणार नाहीत आणि तुम्ही त्यांना उचलूही देऊ नका. एकतर वर तिकाटणं उभं करून चेन पुली लावा, नाहीतर कडेला छोटा पोकलेन उभा राहील का बघा. नाहीतर तुकडे घणाने आणखी फोडा, त्याला अजून दिवस. निघालेला दगड आवाराबाहेर नेण्याआधी रॉयल्टी आणि वाहतूक परवान्याचं तहसील कचेरीत विचारून घ्या. ट्रक रस्त्यात अडवला की मग धावपळ होते. चांगले तुकडे निघाले तर देऊ नका. जोत्याला आणि कुंपणाला यापेक्षा बरा दगड विकत मिळणार नाही.

धोक्याच्या गोष्टी, न कंटाळता वाचा. तेलाच्या पाइपातून बारीक फवारा येतोय असं वाटलं तर हात लावून बघायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायचं. ५०० बारचं तेल कातडीत सुईसारखं घुसतं. वरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि हात गमावायची वेळ येते. असं झालं तर मलम लावून बसू नका, तडक मोठ्या इस्पितळात. दुसरं, दगड उघडला की यंत्र एकदम सैल होऊन आत घसरतं. वर दोरी बांधलेली हवी, आणि दाब देताना यंत्रावर वाकून बघायचं नाही. तिसरं, धूळ. आपल्या बेसॉल्टात फुप्फुसाला घातक सिलिका ग्रॅनाइटपेक्षा कमी, हे खरं. पण भोकाभोकांच्या खडकातले पांढरे खडे कधी कधी गारगोटीचेच असतात. भोक मारताना पाणी सोडा आणि पोरांना चांगले मास्क द्या, रुमालाने काही होत नाही. आणि खडकाच्या वरचा साडेचार फूट मुरूम विसरू नका. खडकापेक्षा मुरूम आधी ढासळतो, तोही पावसात आणि तोही शेजाऱ्याच्या बाजूचा. तिथे उतार द्या किंवा फळ्या-टेकू लावा. खोदाई पायाच्या किती जवळ चाललीय हे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला खड्ड्यावर आणून दाखवा, फोनवर नको.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्यासोबत त्यांच्या भिंतीचे फोटो काढा. जुन्या तड्यांवर तारीख घालून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या चकत्या लावा. तडा हलला तर चकती तडकते, नाही हलला तर वाद मिटतो. माझ्या अनुभवात या चकत्यांनी जेवढी भांडणं वाचवली तेवढी कुठल्या यंत्राने वाचवली नाहीत. ड्रिलिंग सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ठेवा. रात्री दहा ते सहा तर कायद्यानेच बंद.

राहता राहिलं केमिकल, म्हणजे भोकात ओतायची चुन्याची फुगणारी पावडर. ती रात्रभरात गुपचूप दगड तडकवते, यंत्र लागत नाही. स्प्लिटर मिळालाच नाही तर वापरा. पण भोकं तेवढीच किंवा जास्तच लागतात, मोकळी बाजू तिलाही लागते, आणि पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत थंडीच्या हंगामासाठी बनवलेली पावडर वापरली तर ती भोकातून बंदुकीसारखी उलटी उडते. भरलेल्या भोकात डोकावून बघणाऱ्याचा डोळा गेलेला मी पाहिलाय.

तुमच्या जागी मी असतो तर लांबच्या कोपऱ्यात छोट्या ब्रेकरने किंवा ओळीच्या भोकांनी तोंड उघडून घेतलं असतं, मग बाकी सगळं स्प्लिटरने, शेजाऱ्याकडची रांग सगळ्यात शेवटी आणि फूट-फूट अंतरावर. दगड बाहेर काढण्यासकट नऊ-दहा दिवस धरा. ठेका तासावर देऊ नका, ब्रासवर द्या, आणि ब्रास खड्ड्यात मोजायचा की ढिगात, हे आधी कागदावर लिहून घ्या.

यंत्र बोलावण्याआधी एवढं करा: खडक झाडून घ्या, अकराच्या सुमाराला दोन-तीन बादल्या पाणी ओता, अर्ध्या-पाऊण तासाने खडक करडा झाला की वरून फोटो काढा. शेजारच्या भिंतीची बाजू फोटोत कळली पाहिजे. इथे खाली टाका, भोकांची पहिली रांग कुठून घ्यायची ते मी त्यावर रेघ मारून सांगतो.